आत्याला डोंग्यानंच आंभोऱ्याला जायचं आहे, आणि पायऱ्यांनीच रामटेकचा गड चढायचा आहे. एका दिवसात जमते का?

लाखोरी

नमस्कार मंडळी. आम्ही भंडारा तालुक्यातल्या एका खेड्यातले. धान चुरून झालं, बांध्यांमध्ये लाखोरी टाकून झाली, म्हणून घरचे जरा मोकळे आहेत. त्यात माझी मोठी आत्या आली आहे. वय ६७. तिला दिली तिकडे वरुडला, संत्र्याच्या मुलखात. इतक्या वर्षांत माहेरी यायची ती लग्नाला, तेरवीला, नाहीतर कोणाच्या बाळंतपणाला. कामाशिवाय नुसतं राहायला म्हणून यंदा पहिल्यांदा आली.

बाबांनी विचारलं, "बाई, लुगडं घेऊ का तुले?" तर म्हणते, "लुगडं नोको. मले एक खेप डोंग्यानं आंभोऱ्याले ने, आन् रामटेकचा गड पायऱ्यांनं चढू दे. गाडीनं वर नोको नेऊ."

मागची गोष्ट अशी. आत्या लहान असताना आजोबांनी तिला वैनगंगेपलीकडे आंभोऱ्याला, महाशिवरात्रीच्या यात्रेला डोंग्यातून, म्हणजे नावेतून, नेलं होतं. मध्यात डोंगा डुलला, ही घाबरून उभी झाली आणि पायातली एक चप्पल वैनगंगेत गेली. जन्मातली पहिली चप्पल! आजोबांनी पूर्ण यात्रा तिला एका चपलेवर फिरवली. रामटेकची कथा वेगळी. तेव्हा बाबा दीड वर्षाचे. त्यांना कडेवर घेऊन ती खालच्या अंबाळा तलावापासून गडापर्यंत चढली, असं तिचं म्हणणं. बाबा म्हणतात, "मी बी चढलो गड." आत्या म्हणते, "तू माह्या कमरेवर चढला होता. गड म्या चढला."

तर माझे प्रश्न. आता आंभोऱ्याला पूल झाला, मग डोंगे चालतात का? दोन्ही एका दिवसात होईल का, की आत्याचे हाल होतील? तिचा एक गुडघा दुखतो, पण शेतात चालते दिवसभर. रामटेकच्या पायऱ्या कोणत्या बाजूनं सोप्या? आणि एसटीनं जमेल का? तसं रविवारी जावयांची कार मिळू शकते, पण त्यांना चारदा आग्रह करावा लागतो.

कृपया "म्हातारीला कशाला त्रास" असं लिहू नका. ते सांगणारे घरातच तिघं आहेत.

संत्राबर्फी

डोंगा काहून पाहिजे ताई? एवढा तारांचा पूल बांधला, ७०० मीटरच्या वर लांब, वर बघायला गॅलरी. कारनं दोन मिनिटात पलीकडे. आत्याबाईंचा मस्त फोटो काढा, स्टेटसला टाका, अन् जेवायला घरी.

लाखोरी

पूल आम्ही पाहिला दादा. चांगलाच आहे. पण आत्याला दाखवला तर म्हणाली, "हे त रस्ताच आहे, खाली पानी असलेला." यावर मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा.

घंटी दोनदा

ताई, मी एसटीत वाहक होतो, आता निवृत्त आहे. कुही, मांढळ, रामटेक या फेऱ्यांवर आयुष्य गेलं. म्हणून जरा लांब लिहितो, कंटाळा आला तर उतरून घ्या.

पहिलं सांगतो, होते एका दिवसात. पण क्रम चुकवू नका. सकाळी पाणी, दुपारनंतर पायऱ्या. लोक उलटं करतात. सकाळी गड चढतात, दमतात, आणि संध्याकाळी नदीवर येतात तेव्हा वारा सुटलेला असतो आणि डोंगेवाला घरी गेलेला असतो.

एसटीनं करू नका. हे मी म्हणतो आहे म्हणजे बघा. तिकिटाचा प्रश्न नाही. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धंच तिकीट आहे, आणि ७५ वर्षं झाली की सगळ्यांनाच फुकट. प्रश्न जोडगाडीचा आहे. नदीवरून भंडाऱ्याला या, तिथून रामटेकची गाडी धरा, संध्याकाळी परतीची धरा. एक चुकली की रात्र स्टँडवर. जावईबापूंना पाचव्यांदा आग्रह करा.

घरून सहाला निघा, पण काठावर पोचल्या पोचल्या डोंग्यात बसू नका. डिसेंबरात वैनगंगेवर धुई असते. समोरचा काठ दिसत नाही तोवर चहा प्या. आमचे एक चालक म्हणायचे, धुईत गाडी हाकणारा शहाणा नसतो, पण त्याच्या शेजारी बसणारा तर अजिबातच नसतो. डोंग्यालाही तेच लागू.

आंभोऱ्याला पाच नद्या मिळतात असं आपण म्हणतो. वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा, कोलारी. आता गोसीखुर्दच्या धरणाचं पाणी इतकं मागे आलं आहे की कोणती कुठून आली ते नवख्याला कळत नाही. त्या धरणाचं भूमिपूजन राजीव गांधींनी २२ एप्रिल १९८८ ला केलं. तेव्हा मी नवाच नोकरीला लागलो होतो, आणि त्या आठवड्यात प्रत्येक फेरीत एकच विषय होता, कोणाचं गाव जाणार. आत्याबाईंनी पाहिलेली नदी अरुंद होती, कडेला रेती होती, रेतीवर टरबुजाच्या वाड्या असायच्या. आता समुद्रासारखं पाणी दिसेल. हे त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर म्हणतील की चुकीच्या ठिकाणी आणलं.

चैतन्येश्वराचं मंदिर टेकडीवर आहे. चढ लहान आहे. गुडघ्याची तिथंच परीक्षा घ्या. तिथं फार दम लागला तर रामटेकला गाडी वरपर्यंत जाते, नाइलाज समजून न्या. तिथं कोणी भेटलं तर मुकुंदराजांची गोष्ट सांगेल, की आद्यकवी इथंच बसून लिहीत होते. अंबाजोगाईवाले म्हणतात, आमच्याकडे. या भांडणात पडू नका. माझ्या गाडीत दोन मास्तर वेलतूरपासून कुहीपर्यंत यावरून भांडले आणि दोघंही तिकीट काढायचं विसरले.

आता रामटेक. भंडाऱ्यावरून खात, अरोली करत जा. वाटेत जमलं तर नगरधनचा किल्ला बाहेरून दाखवा. वाकाटकांची नंदिवर्धन राजधानी ती हीच. पण तिथं उतरू नका, वेळ जातो.

गावातून चढू नका. रामटेकचा डोंगर घोड्याच्या नालेसारखा आहे आणि त्या नालेच्या पोटात अंबाळा तलाव. चौफेर घाट, देवळं. तिथं दहाव्याला, अस्थी घेऊन आलेली माणसं नेहमी असतात, त्यामुळे तलावाकाठी मोठ्यानं हसू-खिदळू नका, एवढं भान ठेवा. तिथून दगडी पायऱ्या सुरू होतात. जुन्या आहेत, मध्ये झिजलेल्या, बाजूला झाडी. एकदम उभा जिना नाही. थोड्या पायऱ्या, मग सपाट, पुन्हा पायऱ्या. म्हाताऱ्या माणसाला हाच चढ बरा, कारण सपाट जागी बसलं तरी बसलो असं वाटत नाही, बघायला थांबलो असं म्हणता येतं.

किती पायऱ्या ते विचारू नका. मी तीनदा मोजल्या, तीनदा वेगळा आकडा आला. एकदा तर मध्येच एक ओळखीचा प्रवासी भेटला आणि त्यानं सुट्ट्या पैशांची जुनी उधारी काढली.

वर चार दरवाजे. वराह, सिंहपूर, भैरव, गोकुळ. वराहाची मूर्ती पोरांना फार आवडते. तिच्या पोटाखालून वाकून निघायचं, पापी माणूस अडकतो म्हणतात. आत्याबाईंना सांगा, जावयांना आधी पाठवा. राम-मंदिराच्या आधी लक्ष्मणाचं मंदिर लागतं, पहारेकरी आहे तो.

आणि एक विनंती. केवल नरसिंहाचं देऊळ चुकवू नका. सगळे रामाकडे धावतात आणि हे बाजूला राहून जातं. पाचव्या शतकातलं, वाकाटकांच्या काळचं. प्रभावतीगुप्ता म्हणजे दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक. इकडे वाकाटकांची सून म्हणून आली, नवरा गेला, पोरं लहान, तर हिनंच राज्य चालवलं. आमच्या मांढळला ताम्रपट निघाले ते याच घराण्याचे. देवळाच्या भिंतीत तिच्याच घरातल्या लेकीनं कोरून घेतलेला लेख आहे, अर्धा झिजलेला. बाहेरून देऊळ अगदी साधं, ठोकळ्यासारखं. आत नरसिंह मात्र एक गुडघा उभा करून असा ऐसपैस बसला आहे, जसा पारावर पाटील.

उतरताना गावाच्या बाजूनं उतरा. त्या पायऱ्या थेट वस्तीत येतात. वरून कौलं, टिनाची छपरं, वाळत घातलेली लुगडी, शाळेचं मैदान, सगळं पायाखाली दिसतं, आणि दर वळणावर एकेक छप्पर मोठं होत जातं. मला गडापेक्षा हा उतार जास्त आवडतो. खाली आलं की गांधी चौकाकडे चला, तर्री-पोहे खा. जावई कार घेऊन तोवर अंबाळ्यावरून गावात येतील. त्यांना चढायला सांगितलंच नाही तर ते आनंदानं येतील, हे माझ्या जावयावरून सांगतो.

काठावरचा

डोंग्याबद्दल मी सांगतो ताई. आमचं घर ढिवराचं. माह्या बापानं याच पाण्यात तीस वर्षं लोकं पार केले.

पूल झाला जानेवारी २०२४ ले. त्याच्या आधी आमच्या नावेत काय काय गेलं ते आयकाल त हसाल. मोटरसायकली त रोजच. बकऱ्या. पिठाची चक्की, सुटी करून. एक खेप नवरदेव, मुंडावळ्या बांधून, अन् त्याचा मामा उलट्या करून राहिला होता. पूल झाला अन् ते सारं एका दिवसात थांबलं. पूल नको होता असं मी म्हणत नाही. माही बायको बाळंतपणाले पुलावरूनच गेली. बाप मात्र अजून एक खेपही पुलावरून गेला नाही. कोणी म्हटलं त म्हणतो, पाय दुखतात.

आता जे डोंगे दिसतात ते मासोळीचे. लोकं हौसेनं मागतात त आम्ही नेतो. तुमच्या काठावर सकाळी जाळे काढून आलेले गडी भेटतील, त्यांनाच विचारा. भाव आधी ठरवा, बसल्यावर नाही. अन् खरा डोंगा, एका झाडाच्या बुडातून कोरलेला, तो आता नाही भेटत. तसं लाकूडच नाही. आता फळ्यांची नाव नाहीतर पत्र्याची. आत्याबाई "हा डोंगा नाही" म्हणतील. म्हणू द्या.

दोन गोष्टी मनावर घ्या.

एक, जॅकेट. डोंगेवाल्यापाशी नसन त भंडाऱ्यातून आणा, पण त्याच्याबगर बसू नका. पूल झाला त्याच महिन्यात खाली चामोर्शीकडे मिरची तोडायले जाणाऱ्या बाया याच वैनगंगेत नाव उलटून बुडाल्या. त्यांना पोहता येत नव्हतं, अन् त्या काही सहलीले नव्हत्या चालल्या. आमच्या बापाले पोहता येते म्हणून तो जॅकेट घालत नाही. तो येडा आहे. तुम्ही घाला.

दुसरं, उठू नका. बैठक बुडाशी, हात काठाच्या आत. आत्याबाईची चप्पल गेली ती उभ्या झाल्या म्हणूनच. पाण्याखाली बुडालेल्या झाडांचे खुंट आहेत. नावाडी त्यांना ओळखते, पण कधी घासते. घासलं की लोकं उठतात. घासू द्या. आवाज येते, बाकी काही होत नाही.

पाणी तीर्थ म्हणून तोंडात घालू नका. पाया पडा, डोक्याले लावा, बस. नागपूरचं सारं नाग नदीतून कन्हानात येते अन् कन्हान इथं. देव माफ करते, पोट नाही करत.

दोन गुडघे

मी कामठीची, शाळेत शिकवते. दोन्ही गुडघे गेलेले. तरी दरवर्षी कार्तिकात अंबाळ्याकडून चढते, म्हणून बायकी सल्ला देते, तो वाहककाकांनी दिला नाही.

लुगडं नऊवारी असेल तर उत्तम. पाचवारी असेल तर निऱ्या वर खोचून घ्यायला सांगा, झिजलेल्या पायरीवर काठ अडकतो. चप्पल नको, पट्ट्याची सँडल. उतरताना खरा त्रास. चढताना दम लागतो, उतरताना गुडघा बोलतो. म्हणून गावाकडे उतरताना काठी आणि शेजारी माणूस हवा. काका म्हणतात तसा तो उतार सुंदर आहे, पण काकांचे गुडघे तीस वर्षं चालत्या गाडीत उभं राहून घडलेले आहेत, ते हिशेबात धरा.

वांदरं. काळ्या तोंडाची, धीट. प्लॅस्टिकच्या पिशवीचा चुरचुर आवाज झाला की समजा आलीच. खायचं पदराआड नको, कापडी पिशवीत, आणि तीही तोंड बांधून. दात दाखवले तर डोळ्यात बघू नका, पिशवी सोडून द्या. पिशवी पुन्हा मिळते.

आणि नुसती नाव हवी असेल तर रामटेकजवळ खिंडसी तलावात बोटिंग आहे. जॅकेट, रांग, तिकीट, सगळं रीतसर. आंभोऱ्याला नावाडी नाही भेटला तर दिवस वाया जाणार नाही. पण खिंडसी म्हणजे गोल फिरून जिथं बसलो तिथंच उतरायचं. तुमच्या आत्याबाईंना पलीकडे जायचं आहे, असं मला वाटतं.

लाखोरी

मंडळी, जाऊन आलो रविवारी. सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. आत्यानं "काठावरचा" यांचं दोनदा वाचायला लावलं.

जावई पाचव्या आग्रहाला तयार झाले. सहाला निघालो, धुई होती, चहा दोनदा झाला. काठावर तीन नावा लागल्या होत्या. एक म्हातारा जाळं झाडत बसला होता. आम्ही विचारायच्या आधी त्यानंच आत्याला विचारलं, "कोनत्या गावची बाई?" आत्यानं वरुड नाही सांगितलं, माहेरचं गाव सांगितलं. मग कोणाची लेक, कोणत्या आळीतली, विहीर कुठं होती, हे सगळं झालं. भाव ठरवायचा राहून गेला. उतरल्यावर मी विचारला तर त्यानं बरोब्बर सांगितला, एक रुपया कमी नाही. त्यामुळे "भाव आधी ठरवा" हे सगळ्यांनी खरंच ऐका.

नाव पत्र्याची होती. आत्या म्हणाली, "हा डोंगा नोहे." आम्ही सगळे हसलो, तिला कळेना काहून. जॅकेट जावयांनी भंडाऱ्याहून आणले होते, भगवे. आत्यानं लुगड्यावर जॅकेट घातलं, आणि मग पहिलं काम काय केलं तर दोन्ही चपला काढून मांडीवर घेतल्या. पूर्ण नदी पार होईपर्यंत दोन्ही हातांनी धरून. हात पाण्यात घालशील का म्हटलं, तर म्हणते, "हात मोकळे कुठी हायेत?"

मध्यात एक खुंट घासला. जावई उठायला गेले. आत्यानं त्यांच्या गुडघ्यावर चप्पल मारली. अगदी हलकी, पण मारली. जावई अजून या विषयावर बोलत नाहीत.

पाणी पाहून मात्र ती बराच वेळ गप्प होती. रेती कुठं गेली, एवढंच विचारलं. म्हाताऱ्यानं वल्ह्यानं खाली दाखवलं.

चैतन्येश्वर चढली, दम नाही लागला. पुलाखालून येताना वर पाहिलं नाही, परत मात्र पुलावरूनच आलो, कारण कार जावयांच्या भावानं पलीकडे आणून ठेवली होती. (ही युक्ती लिहून ठेवा. गाडी पलीकडच्या काठावर पोचवायला एक माणूस लागतोच.)

रामटेकला पोचेपर्यंत दीड वाजला. भाकरी-ठेचा अंबाळ्याच्या घाटावर खाल्ला. तीनला चढायला लागलो. आत्यानं मोजायचं ठरवलं होतं, वाहककाकांना आकडा सांगायचा म्हणून. वाटेत बोरं घेतली होती. तिचा हिशेब असा, शंभर पायऱ्या झाल्या की पदराच्या एका गाठीतलं एक बोर दुसऱ्या गाठीत. मी मधात काही बोलले की हात वर करायची. कामठीच्या बाईंनी सांगितलं ते माझ्या लक्षात होतं, पण पिशवीबद्दल. गाठीबद्दल कोणी लिहिलं नव्हतं. वरचा दरवाजा दिसायला लागला, आणि एक वांदर कठड्यावरून उतरून, कुठलीही घाई न करता, मोजलेल्या बोरांची गाठ सोडून घेऊन गेलं. न मोजलेली गाठ तशीच ठेवली.

वराहाखालून जावई आधी गेले. निघाले. आत्या म्हणाली, "बरं हाये, चौकशी करायचं काम गेलं."

नरसिंह तिला रामापेक्षा आवडला. तिथंच पाऊण तास. मी प्रभावतीगुप्तेचं सांगितलं तसं, नवरा गेला, पोरं लहान, राज्य केलं. तर विचारते, "तिचं माहेर कुठी होतं?" मी म्हटलं लांब, पाटण्याकडे. "मंग आली का कधी माहेरी?" आता हे कुठं लिहिलेलं असते?

उतरताना गावच्या बाजूनं उतरलो. गुडघा बोलला. काठी होती, वर माझा खांदा. पण काका म्हणाले ते खरं आहे, छपरं मोठी होत जातात. एका घराच्या मागच्या अंगणात एक बाई पापड उचलत होती. तिला वरून दिसलं की आत्या बसत-बसत उतरते आहे, तर तिनं खालूनच ओरडून विचारलं, पाणी देऊ का. आम्ही तिच्या दारात पंधरा मिनिटं होतो, चहा झाला, पापडात हिंग कमी आहे हेही आत्यानं सांगून झालं. तर्री-पोहे आत्यानं खाल्ले नाहीत, तिखट होते म्हणे. जावयांनी दोन प्लेट खाल्ले आणि चपलेचं थोडं विसरले.

घरी पोचायला साडेनऊ. बाबा जागेच होते. "काय बाई, चढली का गड?" तर आत्या म्हणाली, "चढली. या खेपी काही वजन नव्हतं."

आता एकच भांडण राहिलं आहे. वांदरानं नेली ती बोरं सहा होती की सात. आत्या सात म्हणते, मी सहा. वाहककाका, तुमचे तीन आकडे कोणते आले होते ते तरी सांगा.

घंटी दोनदा

तिन्ही सांगत नाही. पण सातच्या जवळपासचा एक होता. आत्याबाईंना आता हे सांगू नका, पुन्हा मोजायला निघतील, आणि जावईबापूंना सहाव्यांदा आग्रह करावा लागेल.

काठावरचा

म्हातारा जाळं झाडत होता म्हणता, डाव्या कानात बाळी होती का त्याच्या? तो माहा बाप. घरी येऊन सांगून राहिला होता, एका बाईनं जावयाले चपलीनं हाणलं म्हणून. आम्हाले वाटलं, बनवून सांगून राहिला.